दहा मीटरांची किंमत

हैदराबादच्या मलकपेठमध्ये माकड बघायला पैसे पडत नाहीत. ते आपणहून गच्चीवर येतं, टाकीचं झाकण उचलतं, वाळत घातलेल्या पापडांवर हात मारतं आणि काठी दाखवली की दात विचकून शेजारच्या गच्चीवर उडी घेतं. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला सांगावं, की युगांडाच्या जंगलात गोरिला बघायचं परमिट ८०० डॉलरला, म्हणजे ७० हजार रुपयांच्या आसपास मिळतं आणि त्यात गोरिलांच्या सहवासाचा फक्त एक तास असतो, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढे पैसे कशाचे?" विमान, हॉटेल, गाडी हे सगळं वेगळं. शेजारच्या रवांडात तर त्याच तासाचे २०१७ पासून १५०० डॉलर मोजावे लागतात.

प्रश्न रास्त आहे. दीडशे किलोंचा रानटी प्राणी माणसापासून दहा मीटरांवर बसून निवांत पाला खातो, माणसाकडे ढुंकून बघत नाही, पळत नाही आणि अंगावरही येत नाही. हे आपसूक घडत नाही. त्यामागे काही माणसांची कित्येक वर्षांची रोजची पायपीट असते, आणि त्या सगळ्या खटाटोपात गोरिलाला कधी एक केळंसुद्धा दिलं जात नाही. किंमत आहे ती याची. माकडांच्या त्रासाने हैराण झालेल्या तेलंगणाला आणि महाराष्ट्रालाही यातलं बरंच घेण्यासारखं आहे.

कुठे काय दिसतं

आफ्रिकेची सफारी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मसाई माराचा गवताळ माळ, सिंह आणि उघड्या टपाची गाडी येते. नरवानर गणातले प्राणी, म्हणजे माकडं, वानरं आणि बिनशेपटीचे कपी बघायचे तर गाडीचा उपयोग जंगलाच्या तोंडापर्यंतच. पुढे पायी जायचं, तेही वाटाड्याशिवाय नाही.

पर्वतीय गोरिला जगात दोनच ठिकाणी उरले आहेत. एक युगांडाच्या नैर्ऋत्येचं ब्विंडी अरण्य, आणि दुसरं युगांडा, रवांडा व काँगो यांच्या सीमा जिथे मिळतात तिथली विरुंगा ही ज्वालामुखींची रांग. २०१५-१६ च्या गणनेत विरुंगात ६०४ आणि २०१८ च्या गणनेत ब्विंडीच्या बाजूला ४५९ गोरिला मोजले गेले; एकूण १०६३. प्राणिसंग्रहालयांत दिसणारे गोरिला सखल प्रदेशातले, वेगळ्या जातीचे. पर्वतीय गोरिला बघायचा तर या डोंगरांत जाण्यावाचून इलाज नाही.

चिंपांझींसाठी युगांडातलं किबाले, रवांडातलं न्युंग्वे आणि टांझानियात टांगानिका सरोवराच्या काठची गोम्बे व महाले ही जंगलं प्रसिद्ध आहेत. गोरिलांचं कुटुंब दुपारी एका जागी लोळत पडलेलं सापडतं. चिंपांझींचं तसं नाही. ते झाडावरून उतरून झपाझप चालू लागले की मागे येणाऱ्या पाहुण्यांची धावाधाव होते. इथिओपियाच्या सिमियन पर्वतात गेलाडा दिसतात. छातीवर लाल डाग असलेली आणि मुख्यतः गवतावर जगणारी ही माकडं शेकडोंच्या कळपाने कड्यांवर चरत असतात. मादागास्करमध्ये लेमूरांच्या शंभरावर जाती आहेत. आपल्या गच्चीवरचं माकड ज्या मकाक कुळातलं आहे, त्याची आफ्रिकेत मात्र एकच जात सापडते, तीही पार उत्तरेला मोरोक्को-अल्जीरियाच्या डोंगरांत. बाकीचं सारं मकाक कुळ आशियाचं.

सकाळचा माग

ब्विंडीत किंवा रवांडातल्या किनिगीत सकाळी सात-साडेसातला पाहुणे जमतात. पासपोर्ट तपासले जातात, नियम समजावून सांगितले जातात आणि आठ-आठ जणांचे गट पाडले जातात. एका गोरिला कुटुंबाला दिवसाकाठी एकच गट आणि एकच तास, हा नियम. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही.

खरं काम याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. माग काढणारे स्थानिक लोक उजाडताच निघतात. आदल्या दिवशी गोरिला जिथे सोडले होते तिथे पोहोचायचं, मोडलेल्या फांद्या आणि ताजी विष्ठा बघत पुढे सरकायचं आणि रात्रीच्या घरट्यांपर्यंत जायचं. गोरिला रोज संध्याकाळी पाला-फांद्या वाकवून झोपण्यासाठी नवं घरटं करतो. घरटी मोजली की कुटुंबात किती जण आहेत ते कळतं. तिथून ताजा माग धरून कुटुंब गाठलं की वायरलेसवर वाटाड्याला निरोप जातो. पाहुण्यांच्या नशिबी कधी अर्ध्या तासाची चाल येते, कधी पाच-सहा तासांची. चिखल, उभा चढ आणि लागताच आग करणारी झुडपं यांतून वाट काढायची असल्याने पँट मोज्यात खोचायची आणि हातमोजे घालायचे, हे जुने जाणते लोक आवर्जून सांगतात. गावातला पोरगा हमाल म्हणून घ्यावा. तो बॅग उचलतो, चढावर हात देतो आणि त्याच्या घरी रोजगार जातो.

कुटुंब जवळ आलं की बॅगा आणि काठ्या खाली ठेवायच्या, मास्क लावायचा. वाटाड्या घसा खाकरल्यासारखा खोल आवाज काढतो. गोरिला समाधानात असले की असाच आवाज काढतात. आम्ही आलोय, भांडायला आलेलो नाही, एवढंच त्यात सांगायचं असतं. फ्लॅश मारायचा नाही, खायचं नाही, थुंकायचं नाही. कुटुंबाचा मुख्य नर अंगावर धावून आला तर पळायचं नाही. खाली बसायचं आणि नजर झुकवायची. बहुतेक वेळा ती नुसती धमकी असते. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास नराच्या पाठीवरचे केस रुपेरी होऊ लागतात, म्हणून अशा नराला 'सिल्व्हरबॅक' म्हणतात. कुटुंब कधी हलायचं, कुठे थांबायचं हे तोच ठरवतो. प्रत्येकाच्या नाकावरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात आणि माग काढणारे त्यांवरूनच त्यांना नावानिशी ओळखतात.

सवय लावायची, पण कशाची?

माणूस कधी न पाहिलेला गोरिला माणूस दिसताच पळतो किंवा चाल करून येतो. त्याला माणसाची सवय करायची तर एक तुकडी एकाच कुटुंबामागे रोज जाते. आधी बरंच अंतर ठेवायचं, थोडा वेळ थांबायचं, त्यांच्यासारखा आवाज काढायचा, पाला चघळल्याचं नाटक करायचं आणि परत यायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुरुवातीला नर कित्येकदा अंगावर येतो, तुकडी बसून राहते. हळूहळू चाल करून येणं कमी होतं, अंतर घटतं, आणि साधारण दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, कुटुंब या दोन पायांच्या प्राण्यांकडे लक्ष देणं सोडून देतं. माणूस धोक्याचा नाही आणि उपयोगाचाही नाही, इतकंच त्याला शिकवायचं असतं.

ही रीत अभ्यासकांनी घालून दिली. जॉर्ज शॅलर यांनी १९५९ मध्ये विरुंगात कामाला सुरुवात केली. डायन फॉसी यांनी १९६७ मध्ये रवांडात कारिसोके संशोधन केंद्र उभारलं आणि गोरिलांचे आवाज, हालचाली यांची नक्कल करत त्यांच्यात बसण्याइतकी जवळीक साधली. पर्यटकांसाठी याच पद्धतीने गोरिला सरावाचे करण्याचं काम रवांडात १९७९ पासून सुरू झालं. ब्विंडीतलं मुबारे कुटुंब १९९३ मध्ये पाहुण्यांसाठी खुलं झालं. अजून न सरावलेल्या कुटुंबाबरोबर अभ्यासकांच्या तुकडीतून चार तासांपर्यंत जाण्याची सोयही आता युगांडात आहे. तिचं परमिट अर्थातच जास्त महाग.

जवळ जाण्याचा एक सोपा रस्ताही होता, आणि तो वापरून झालेला आहे. जेन गुडॉल १४ जुलै १९६० रोजी गोम्बेत उतरल्या तेव्हा चिंपांझी त्यांना बघून महिनोन्‌महिने पळत होते. मग डेव्हिड ग्रेबिअर्ड हे नाव मिळालेला एक नर तंबूपाशी केळी घ्यायला येऊ लागला. पुढे केळी वाटण्याचं ठिकाणच तयार झालं. चिंपांझी जवळ आले, निरीक्षणं झपाट्याने वाढली. पण एरवी जंगलात पांगलेले चिंपांझी केळ्यांसाठी एका जागी गर्दी करू लागले, आपसांत आणि बबूनांशी मारामाऱ्या वाढल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस केळी बरीच कमी करण्यात आली आणि २००० मध्ये पूर्ण थांबली. महालेत जपानी संशोधकांनी ऊस देऊन चिंपांझी जवळ आणले होते. तेही १९८७ मध्ये बंद झालं. चिंपांझींच्या हिंसेत या खाऊचा वाटा किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. खाऊ घालून जवळ आणायचं नाही, यावर मात्र आता वाद राहिलेला नाही.

आपल्याकडे नेमका उलटा धडा गिरवला जातो. हैदराबादहून श्रीशैलमला जाणारा रस्ता अमराबादच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. गाड्या थांबतात, काचा खाली होतात, केळी आणि बिस्किटं रस्त्यावर पडतात. शनिवारी तर पुण्याचा हिशेबही त्यात असतो. माकड काय शिकतं? माणूस म्हणजे अन्न, आणि देत नसेल तर हिसकावायचं. जंगलात फळं-पानं शोधण्यात दिवस घालवणारा कळप रस्त्याकडेला बसून राहतो, गाड्यांखाली येतो आणि मग गावात, शेतात, गच्चीवर पोहोचतो. महाबळेश्वरच्या पॉइंटवर हातातलं कणीस पळवणारं माकड याच शाळेत शिकलेलं असतं.

यात एका जातीचं जास्तच नुकसान होतं आहे. डोक्यावर भांग पाडल्यासारखे केस असलेलं टोपी माकड फक्त दक्षिण भारतात सापडतं. उत्तरेचं ऱ्हीसस माकड आणि हे, यांच्यातली हद्द पूर्वी ढोबळमानाने पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी मानली जाई. २०११ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवून दिलं, की ऱ्हीसस ही हद्द ओलांडून दक्षिणेला सरकला आहे आणि टोपी माकडाची जागा घेतो आहे. ऱ्हीसस वस्तीत राहायला जास्त धीट. एका गावातून पकडलेली माकडं दुसरीकडे नेऊन सोडण्याच्या आपल्या उपायानेही त्याला मदतच होते. टोपी माकड आता धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात आहे. महाराष्ट्राला लागून असलेल्या निर्मल जिल्ह्यात चिंचोलीजवळ तेलंगणा सरकारने डिसेंबर २०२० मध्ये माकडांच्या नसबंदीचं आणि पुनर्वसनाचं केंद्र सुरू केलं. नसबंदीचा खर्च शेवटी करदाताच भरतो. म्हणजे फुकट दिसणारं माकडही फुकट पडत नाही.

खोकल्याची भीती

गोरिलापासून पूर्वी सात मीटर, आणि कोविडनंतर दहा मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. बऱ्याच जणांना वाटतं तो माणसाच्या सुरक्षेसाठी असावा. मुख्य धोका उलट्या दिशेने आहे. चिंपांझी आणि गोरिला आपले इतके जवळचे नातलग आहेत, की आपले बरेच रोग त्यांना होतात, आणि आपल्याला असलेली प्रतिकारशक्ती त्यांना नसते. १९६६ मध्ये गोम्बेच्या चिंपांझींत पोलिओसारख्या लुळेपणाची साथ आली. काही मेले, काहींचे हातपाय कायमचे लुळे पडले. तेव्हा केळ्यांत घालून त्यांना पोलिओची लस द्यावी लागली. रवांडातल्या हिर्वा कुटुंबात २००९ मध्ये माणसांतल्या एका श्वसनविषाणूने दोन गोरिलांचा बळी घेतला. माणसाला साधी सर्दी करणाऱ्या ऱ्हायनोव्हायरसच्या एका प्रकाराने २०१३ मध्ये किबालेच्या ५६ चिंपांझींच्या एका समूहातले पाच दगावले. सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्याला त्या दिवशी जंगलात सोडत नाहीत, ते यामुळे. पैसे भरलेत म्हणून शिंका लपवून जाणं हा अडाणीपणाच ठरतो.

नियम कागदावर राहण्याचाही इतिहास आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्विंडीतले पर्यटक गोरिलांच्या सरासरी तीन मीटरांपेक्षाही जवळ जात असल्याचं आढळलं. कधी गोरिलाची पिल्लंच जवळ येतात, कधी जंगलच इतकं दाट असतं की दुरून काही दिसत नाही, आणि कधी बक्षिसीच्या आशेने वाटाड्या थोडा सैल सोडतो. वाटाड्याला "अजून थोडं पुढे" असं न म्हणणं हे पाहुण्याच्या हातात असतं.

पैसा कुठे जातो

परमिटच्या पैशांतून माग काढणारे, पहारेकरी आणि उद्यानाचा कारभार चालतो. रवांडा पर्यटनाच्या उत्पन्नाचा दहा टक्के हिस्सा उद्यानांभोवतीच्या गावांना देतो. युगांडात प्रवेशशुल्काचे वीस टक्के आणि शिवाय प्रत्येक गोरिला परमिटमागे दहा डॉलर गावांकडे जातात. १९८६ पासून काम करणारं 'गोरिला डॉक्टर्स' हे पशुवैद्यांचं पथक फासात अडकलेल्या आणि आजारी गोरिलांवर जंगलातच उपचार करतं. १९८१ मध्ये विरुंगात अडीचशेच्या घरात गोरिला उरले होते. आज त्याच्या दुपटीहून जास्त आहेत. २०१८ मध्ये त्याच जागतिक यादीत पर्वतीय गोरिलांचा दर्जा 'अति-संकटग्रस्त' वरून 'संकटग्रस्त' असा सुधारला. मोठ्या कपींची संख्या वाढल्याचं जगात हे विरळाच उदाहरण.

पण हिशेबाला दुसरी बाजूही आहे. १९९१ मध्ये ब्विंडी राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलावर जगणाऱ्या बाट्वा लोकांना बाहेर पडावं लागलं. परमिटच्या पैशांनी त्याची भरपाई झालेली नाही. माणसाची भीती गेलेले गोरिला कधी उद्यानाबाहेरच्या केळीच्या बागांत शिरतात, आणि त्यांना परत वळवायला गावकऱ्यांची स्वयंसेवी पथकं नेमावी लागली आहेत. सरावलेला प्राणी शिकाऱ्याच्याही टप्प्यात येतो. फॉसींचा लाडका गोरिला डिजिट १९७७ च्या अखेरच्या दिवशी मारला गेला. कोविडमध्ये पर्यटन थांबलेलं असताना जून २०२० मध्ये ब्विंडीतला राफिकी हा प्रसिद्ध सिल्व्हरबॅक शिकाऱ्याच्या भाल्याने मेला. म्हणूनच सगळी कुटुंबं सरावाची केली जात नाहीत, आणि एकदा सरावाची केली की त्यांची राखण कधी थांबवता येत नाही.

मलकपेठहून निघताना

युगांडाला जायचं तर पिवळ्या तापाची लस आधी हवी. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. हैदराबादला ही लस नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेंटिव्ह मेडिसिनमध्ये मिळते. मलकपेठहून मेट्रोने पुढच्याच एमजीबीएस स्थानकावर गाडी बदलली की सुलतान बाजारनंतर नारायणगुडा. युगांडा, केनिया आणि रवांडा या तिन्ही देशांत चालणारा नव्वद दिवसांचा पर्यटक व्हिसा शंभर डॉलरला मिळतो. मुंबईहून युगांडात एंटेबीला थेट विमान २०२३ मध्ये सुरू झालं. हैदराबादकरांना अदिस अबाबा किंवा आखाती शहरांवरून जाता येतं. ब्विंडी एंटेबीहून रस्त्याने आठ-दहा तास लांब आहे. रवांडाची राजधानी किगाली त्या मानाने जवळ, त्यामुळे तिथे उतरून सीमा ओलांडणारेही पुष्कळ. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे महिने चालायला सोयीचे. परमिटं मोजकीच असल्याने ती कित्येक महिने आधी घ्यावी लागतात. गुडघे कुरकुरत असतील तर आधी सांगावं. जवळच्या कुटुंबाकडे पाठवण्याचा प्रयत्न होतो.

इतका खर्च झेपत नसेल तर याच रीतीची सफर देशातही आहे. आसामात जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यात वाटाड्या आणि वनरक्षकासोबत पहाटे चालत जाऊन हुलॉक गिबन बघता येतात. भारतातला कपी तो हाच. नर काळा, मादी तपकिरी, आणि त्यांच्या जोडगाण्याने सकाळचं जंगल दणाणतं. जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरच्या या जंगलाला रेल्वेमार्गाने दुभागलं आहे. जमिनीवर क्वचितच उतरणाऱ्या गिबनांना तो ओलांडणं किती अवघड आहे, हे तिथला वाटाड्या जागेवर उभं राहून दाखवतो.

आफ्रिका असो की आसाम, सहल नक्की करण्याआधी आयोजकाला तीन गोष्टी विचाराव्यात. एका गटात किती माणसं असतात? कुणी आजारी असेल तर काय करता? आणि तिथल्या माकडांना आपल्याला काही खाऊ घालता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला "हो, मुलांना फार मजा येते" असं उत्तर आलं, तर ती सहल कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये. आणि श्रीशैलमच्या रस्त्यावर गाडीची काच वर ठेवायला तर कुठलंच परमिट लागत नाही.